‘पिशवी’ आणि गर्भाशयाचा आशय

पाडव्याच्या सुमारास कारखान्यांचे पट्टे पडले आणि आमच्या गावातली माणसे फडावरून परतली. त्यांत माझी थोरली वहिनीही होती. एका दुपारी ओसरीवर मी काही कागद वाचत बसलो होतो. तिने विचारले, “काय वाचताव भाऊजी?” मी म्हणालो, “माणसाच्या अंगात एक जनुक असतं. बाईच्या पोटातली पिशवी कशी व्हावी, कुठं व्हावी, ते त्यावर ठरतं.” ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मंग पिशवी काढली की त्ये बी जातं का?”

तिची पिशवी तिशीतच काढलेली. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात. मी म्हणालो, “नाही, ते अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं.” तिने लगेच विचारले, “मंग आता तिथं ऱ्हाऊन करतंय काय त्ये?”

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मी वैद्यकाचा किंवा जीवशास्त्राचा पदवीधर नाही. वीसेक वर्षे जमेल तसे, मिळेल तिथून वाचत आलो आहे. पण उत्तर न येण्याचे कारण माझे अपुरे शिक्षण एवढेच नव्हते. मी तिला जे सांगितले त्यात एक शब्द चुकीचा होता आणि तो शब्द माझाच होता. ‘पिशवी’. या लेखात मला त्या शब्दाची आणि त्याच्या आजूबाजूच्या आणखी दोन रूपकांची समीक्षा करायची आहे. साहित्याच्या समीक्षेत आपण प्रतिमा तपासतो. ती आशयाला पेलते की नाही हे पाहतो. तीच कसोटी शरीराविषयीच्या आपल्या बोलण्याला लावून पाहू.

चौकट

आधी ते जनुक. त्याचे नाव हॉक्स ए-१०. होमिओबॉक्स या मोठ्या घराण्यातले हे एक जनुक. ‘होमिओसिस’ हा शब्द विल्यम बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये वापरात आणला. शरीराच्या एका भागाच्या जागी दुसऱ्याच भागाची रचना उगवणे, असा त्याचा अर्थ. फळमाशीत असे प्रकार आढळत. डोक्यावर मिशांच्या जागी पाय फुटलेली माशी हे त्याचे गाजलेले उदाहरण. एडवर्ड लुईस यांनी अमेरिकेत अशा माश्यांवर आयुष्य घालवले आणि त्या कामासाठी १९९५ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले.

१९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत आणि अमेरिकेतील इंडियाना येथे स्वतंत्रपणे असे दिसून आले की, अशा निरनिराळ्या जनुकांमध्ये सुमारे १८० अक्षरांचा एक तुकडा जवळजवळ सारखा आहे. या तुकड्याला होमिओबॉक्स म्हणतात. इथे ‘बॉक्स’चे भाषांतर ‘पेटी’ असे करू नये. पेटीत काहीतरी ठेवलेले असते. हा तर मजकुरातला एक उतारा आहे, ज्याच्याभोवती वाचणाऱ्याने चौकट आखावी असा. या उताऱ्यातून प्रथिनाचा ६० अमिनो आम्लांचा एक भाग तयार होतो. त्याला तीन मळसूत्री वळणे असतात आणि त्यांतले तिसरे डीएनएच्या खाचेत जाऊन बसते. असे बसून ते प्रथिन इतर जनुकांना चालू किंवा बंद होण्यास मदत करते. थोडक्यात, हे प्रथिन दुसऱ्यांचा मजकूर वाचणारे आहे.

माणसात अशी हॉक्स जनुके ३९ आहेत. ती चार गुणसूत्रांवर चार रांगांत मांडलेली आहेत. हॉक्स ए-१० सातव्या गुणसूत्रावर, ‘ए’ रांगेत. या रांगांचे वैशिष्ट्य असे की, जनुके ज्या क्रमाने ओळीत उभी असतात, साधारण त्याच क्रमाने ती डोक्याकडून खाली शरीराचे भाग घडवतात. स्त्रीच्या जननमार्गात हा क्रम फार स्वच्छ दिसतो. भ्रूणावस्थेत तो मार्ग एकाच प्रकारच्या नळीपासून सुरू होतो. तिच्या वरच्या भागात हॉक्स ए-९ काम करते, तिथे गर्भनलिका होते. त्याखाली ए-१०, तिथे गर्भाशय. त्याच्या खालच्या भागात आणि मुखाशी ए-११. आणि शेवटी ए-१३, तिथे योनीमार्गाचा वरचा भाग. एका नळीचे चार अवयव होतात ते असे.

बीज आणि क्षेत्र

१९९५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सातोकाता, बेन्सन आणि मास या तिघांनी हॉक्स ए-१० नसलेले उंदीर तयार केले होते. त्यांच्या माद्यांचे बीज व्यवस्थित सुटत होते, फलनही होत होते; पण गर्भ रुजत नव्हते किंवा लवकरच मरत होते. मग त्यांनी अदलाबदल केली. सदोष माद्यांचे गर्भ निरोगी माद्यांच्या गर्भाशयात ठेवले, तेव्हा ते वाढले. निरोगी गर्भ सदोष माद्यांच्या गर्भाशयात ठेवले, तेव्हा ते टिकले नाहीत. शिवाय या माद्यांच्या गर्भाशयाचा वरचा भाग गर्भनलिकेसारखा झालेला आढळला. माशीच्या मिशीच्या जागी पाय यावा, तसाच हा प्रकार.

आपल्याकडे पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र हे रूपक फार जुने आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ते येते. ‘क्षेत्रज’ पुत्र हा धर्मशास्त्रातला शब्द त्यातूनच आला. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ मधील आपल्या निबंधात या रूपकाची चिकित्सा केली. बीज ज्याचे, पीक त्याचे; शेत केवळ धारण करते, त्याचा पिकावर हक्क नाही. संततीवर आणि जमिनीवर कुणाचा अधिकार, हा प्रश्न रूपकाने परस्पर सोडवून टाकला, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल.

उंदरांचा प्रयोग या रूपकावर आतून घाव घालतो. जमीन निष्क्रिय नाही. बीज उत्तम असूनही जमिनीने स्वतःची ओळख गमावली तर काही उगवत नाही. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. आमच्या बालाघाटावरच्या मुरमाड रानात आणि गोदाकाठच्या काळ्या रानात एकच बियाणे किती वेगळे येते हे इथला प्रत्येक जण जाणतो. रूपक रचणाऱ्यांना शेती ठाऊक नव्हती की ठाऊक असून सोयीची तेवढीच घेतली, हा विचार मनात येतोच.

पण इथे समीक्षकाने सावध राहायला हवे. ‘दोष शेतात आहे’ हे वाक्य आपल्या समाजात हातोहात उचलले जाईल. मूल होत नाही म्हणून बाईला टाकून देणाऱ्यांना विज्ञानाचा दाखला मिळाला असे वाटेल. म्हणून त्याच शोधनिबंधाचा दुसरा अर्धा भाग सांगणे भाग आहे. तेच जनुक नसलेले नर उंदीरही वंध्य निघाले. त्यांचे वृषण पोटातून खाली उतरलेच नाहीत. जनुक एकच, नर-मादी दोघांत. नसले तर दोघांचेही बिघडते. बीज आणि क्षेत्र अशी वाटणी या जनुकाला मान्य नाही. ज्याला आपण बीज म्हणतो ते तयार व्हायलाही हेच जनुक लागते.

गुरुकिल्ली

दुसरे रूपक आम्हा विज्ञान लिहिणाऱ्यांचे. होमिओबॉक्स जनुकांना ‘मास्टर’ जनुके म्हणण्याची पद्धत आहे. मराठीत त्याचे ‘गुरुकिल्ली’, ‘सूत्रधार’, ‘नियंता’ असे काहीबाही होते. मी स्वतः शाळांमधल्या व्याख्यानांत ‘गुरुकिल्ली’ वापरली आहे. मुलांना ती आवडते. पण ती अर्धीच खरी आहे.

एक तर हॉक्स प्रथिने डीएनएवर जी अक्षरे ओळखतात ती फार थोडी आणि एकमेकांसारखी असतात. एकट्या ए-१० ला आपली जागा नेमकी सापडत नाही. त्याला सोबत दुसरी प्रथिने लागतात. किल्ली आणि कुलूप अशी ही गोष्ट नाही. एखाद्या टोळीत कोण कुठल्या सरीला लागेल हे जसे आजूबाजूला कोण आहे त्यावर ठरते, तसे ते आहे.

दुसरे अधिक महत्त्वाचे. गुरुकिल्ली एकदा फिरवली की काम संपते. हॉक्स ए-१० चे काम जन्माआधी संपत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठातील ह्यू टेलर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, प्रौढ स्त्रीच्या गर्भाशयाच्या अस्तरात हे जनुक प्रत्येक पाळीच्या चक्रात वरखाली होते. बीज सुटल्यानंतर साधारण आठवड्याने, म्हणजे गर्भ आला तर रुजण्याच्या वेळी, त्याचे प्रमाण वाढलेले असते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके त्याला वाढवतात. मग ते अस्तराच्या पेशींवर गर्भाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या निर्मितीला चालना देते. बाईच्या आयुष्यात हे साडेतीनशे-चारशे वेळा घडते. मूल हवे असो वा नसो, शरीर दर महिन्याला पुन्हा ठरवते की ही जागा गर्भाशय आहे.

या पुढचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातला आहे. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल स्वास्थ्य संशोधन संस्था आहे. तिथे मोदी, गोडबोले या आडनावांच्या धाटणीची नावे शोधनिबंधांवर वाचताना मला उगाच आपुलकी वाटली. पण सांगण्यासारखे आहे ते त्या संस्थेतील मोदी-गोडबोले गटाचे काम. त्यांनी अस्तराच्या पेशींतील ए-१० चा माग काढला. २०१७ मध्ये ‘एंडोक्रायनॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष चकित करणारा आहे. गर्भ रुजल्यानंतर अस्तरातील ए-१० कमी होते आणि ते कमी झाल्यामुळेच वारेच्या पेशींना आत शिरायला वाट मिळते. आधी वाढणे जितके गरजेचे, तितकेच नंतर मागे सरणे गरजेचे. जिथे सत्ता गाजवायची तिथेच वेळेवर बाजूला होणारा हा कसला ‘नियंता’? घरात पाहुणा येईपर्यंत दार राखणारी आणि तो आल्यावर उंबऱ्यावरून सरकून जागा देणारी घरधनीण, हे चित्र त्याच्या जास्त जवळ जाते. तेही रूपकच आहे, याची मला जाणीव आहे.

पिशवी

आता तिसरा शब्द. बीड जिल्ह्यात ‘गर्भाशय’ हा शब्द पुस्तकात आणि दवाखान्याच्या कागदावर असतो. तोंडात असते ती ‘पिशवी’. पिशवीला सूज आली. पिशवी खराब झाली. पिशवी काढून टाकली.

इथल्या वाचकाला आकडे ठाऊक आहेत, पण ते पुन्हा लिहायला हवेत. जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांत एक. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६ साली, देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन पाहण्यांचे वयोगट आणि पद्धती वेगळ्या आहेत, तरी फरक डोळ्यांत भरतो.

यांतल्या काही शस्त्रक्रिया आवश्यक असणार. कर्करोग असतो, न थांबणारा रक्तस्राव असतो, अंग बाहेर येते. त्यावर आक्षेप नाही. आक्षेप आहे तो उरलेल्यांवर. त्यामागची कारणे शब्दांत नाहीत, पोटात आहेत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल आधीच घेतलेली असते. पाळीच्या त्रासाने एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो आणि तो उचलीतून वळता होतो. फडावर न्हाणी नाही, संडास नाही, पुरेसे पाणी नाही. त्यातून होणारा साधा जंतुसंसर्ग गोळ्यांनी बरा होण्यासारखा असतो. पण दवाखान्यात ‘कॅन्सर होईल’ हे वाक्य ऐकू येते. मग कर्ज काढून पिशवी काढली जाते आणि ते फेडायला पुन्हा फडावर जावे लागते.

मग शब्दाची एवढी उठाठेव कशाला? हा आक्षेप मी स्वतःवर अनेकदा घेतला आहे. ‘पिशवी’ म्हटल्यामुळे शस्त्रक्रिया झाल्या, असे माझे म्हणणे नाही. सगळ्या महाराष्ट्रात हाच शब्द आहे आणि सगळीकडे असे घडलेले नाही. माझे म्हणणे एवढेच की, निर्णयाच्या क्षणी बाईसमोर जो शब्द ठेवला जातो तो तिची तुलना ठरवतो. पिशवी ही काही तरी ठेवण्याची वस्तू. दोन-तीन लेकरे झाली, आता ठेवायचे काही नाही. मग रिकामी पिशवी वागवायची कशाला? या युक्तिवादात कुठे चूक दाखवता येत नाही, कारण चूक युक्तिवादाच्या आधी, शब्दात होऊन गेलेली असते. ‘काढून काय होईल?’ हा प्रश्न पिशवीबाबत सुचतच नाही. अवयवाबाबत सुचतो. गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले तर पाळी जाण्याचे वय एकदम येऊन ठेपते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोश ठेवले तरी ते अनेकदा वेळेआधी थकतात. माझ्या वहिनीला हे कुणी सांगितले नव्हते. सांगायला लागू नये अशी सोय त्या शब्दात होती.

५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविषयीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. समजून-उमजून दिलेली संमती हा अशा तत्त्वांचा गाभा असतो. पण समजून द्यायचे कुठल्या शब्दांत? संमतीचा कागद मराठीत छापला आणि त्यावर तोंडी ‘पिशवी काढायची, सही करा’ एवढेच सांगितले, तर सही होईल, संमती होणार नाही.

आशय आणि कूस

‘गर्भाशय’ या शब्दाकडे आपण कधी नीट पाहिले आहे का? ‘आशय’ म्हणजे मुळात विसाव्याची, साठण्याची जागा. जलाशयातला तो अर्थ. पण मराठी समीक्षेत आशय म्हणजे कलाकृतीत जे सांगायचे आहे ते. एकाच शब्दात भांडेही आहे आणि आतला अर्थही. हॉक्स ए-१० विषयी जे कळले ते या दुसऱ्या अर्थाकडे झुकते. गर्भ नसतानाही त्या जागेला स्वतःचा आशय असतो, दर महिन्याला नव्याने घडणारा.

अडचण अशी की, हा शब्द फडावर पोचत नाही. तिथला आपला शब्द आहे ‘कूस’. तो मला अधिक जवळचा वाटतो. कूस म्हणजे गर्भाशय, आणि कूस म्हणजे अंगाची बाजूही. झोपेत आपण कूस बदलतो. वस्तू कूस बदलत नाही; जिवंत अंगच बदलते. महिन्याला वरखाली होणाऱ्या अस्तराला याहून चपखल मराठी शब्द मला सापडलेला नाही. त्यातही खोट आहे. ‘कूस उजवली’ आपण मूल झाल्यावरच म्हणतो, म्हणजे त्या शब्दानेही तिची किंमत मुलावरच ठेवली. निर्दोष शब्द नाही. पण कूस ‘काढून टाकली’ असे म्हणताना जीभ अडखळते आणि ते अडखळणे आज उपयोगाचे आहे. आशाताईंनी, परिचारिकांनी, व्याख्याने देणाऱ्या माझ्यासारख्यांनी पिशवी हा शब्द सोडून पाहावा. कूस म्हणावे, आणि ती काय करते हे दोन वाक्यांत सांगावे. एवढीच या लेखाची सूचना आहे.

वहिनीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. ते जनुक आता तिथे राहून काय करते? वाचता वाचता उत्तर सापडले. अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या पेशींत हॉक्स ए-१० काम करते. आणि तिच्या जन्माआधीच त्याने आणखी एक काम करून ठेवले होते. २००३ मध्ये वेलिक आणि कापेकी यांनी उंदरांतून दहाव्या गटाची तिन्ही हॉक्स जनुके काढून टाकली, तेव्हा कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या. कंबर मोकळी राहते, वाकते, ती या गटामुळे.

यंदा दसऱ्याच्या आधी, टोळी निघण्यापूर्वी, मी तिला हे सांगितले. म्हटले, “वहिनी, ते गेलं नाही. तुझ्या रक्तात आहे. तू वाकून ऊस तोडतीस ना, ती कंबर त्यानंच घडवली.” तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “कंबरच दुखती की वो भाऊजी सगळ्यात जास्त. ह्ये आधी सांगायला पाहिजे व्हतं कुणीतरी.” हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ती फडावर असेल.